भाडेकरूचा मानसिक आजार आणि इमारतीला होणारा त्रास : सोसायटीच्या नव्या सचिवांसाठी व घरमालकांसाठी मार्गदर्शक

सांगलीच्या विश्रामबाग भागातील सोळा सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची मी सहा वर्षे मानद सचिव होते. त्यांपैकी जवळजवळ दीड वर्ष तळमजल्यावरील एका भाडेकरूच्या प्रकरणात गेले. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे, पन्नाशी ओलांडलेले आणि आईच्या निधनानंतर एकटे राहणारे हे गृहस्थ रात्री एक-दीडच्या सुमारास उठून पाण्याच्या पाइपवर लोखंडी पान्याने ठोकू लागत, जिन्यावर बादल्या ओतत आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबाला उद्देशून अर्वाच्य बोलत. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत. जे केले, जे करायला नको होते आणि जे फार उशिरा कळले, ते मात्र जसेच्या तसे लिहिते आहे.

अशा प्रसंगी इमारतीत दोन तट पडतात. एक म्हणतो, "बाहेर काढा." दुसरा म्हणतो, "आजारी माणूस आहे, सोसायचे." या दोन्ही मतांनी आमचे पहिले चार महिने वाया घालवले. त्रास थांबवणे हे एक काम आहे आणि उपचार मिळवून देणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू करावीत, पण त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. म्हणून पहिल्याच दिवशी दोन फायली उघडा : एकीत केवळ वर्तन, दुसरीत केवळ मदत.

१. आधी धोका आहे की त्रास आहे, हे ठरवा

आवाज, घाण, शिवीगाळ, दारावर थापा हा त्रास आहे. हातात कोयता किंवा पाना घेऊन कोणाच्या अंगावर जाणे, गॅस उघडा ठेवणे, गच्चीच्या कठड्यावर चढणे, "आता जगायचे नाही" असे बोलणे, दोन-तीन दिवस दारच न उघडणे हा धोका आहे. धोका असेल तर सभा बोलावू नका आणि घरमालकाच्या फोनची वाटही पाहू नका. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकांवर तत्काळ कळवा.

फोनवर "वेडा माणूस धिंगाणा घालतोय" असे सांगितल्यास येणारे पथक भांडण सोडवण्याच्या तयारीने येते. त्याऐवजी असे सांगा : "एका व्यक्तीला मानसिक आजाराचा झटका आल्यासारखा दिसतो आहे, तिच्या हातात अमुक वस्तू आहे, घरात ती एकटी आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे तिला रुग्णालयात न्यावे अशी विनंती आहे." मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील हे कलम ठाणे अंमलदारापुढे नाव घेऊन सांगण्यासारखे आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे, शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे, आणि तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. याच कायद्याच्या कलम ९४ नुसार तातडीच्या प्रसंगी नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंतचे उपचार सुरू करू शकतात, आणि रुग्णालयापर्यंत नेणे हाही त्या उपचारांचाच भाग मानला जातो.

पोलीस येईपर्यंत मुलांना घरात घ्या, जिन्यावरची गर्दी हटवा आणि मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना थांबवा. बोलायचे तर एकाच माणसाने बोलावे, हळू आवाजात, दोन हात अंतर राखून. चार जणांनी मिळून धरणे, खोलीला बाहेरून कडी घालणे किंवा दोरीने बांधणे हे करू नका. माणूस जखमी होतो, आणि नंतर उपचारांसाठीही तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

२. घटनांची वही ठेवा, मतांची नको

आमच्या पहिल्या तक्रारीवर चौदा सह्या होत्या आणि मजकूर होता, "सदर इसम रात्रभर वेड्यासारखा वागतो." हा कागद ना पोलिसांच्या उपयोगाचा होता, ना डॉक्टरांच्या. नंतर आम्ही शंभर पानी वही घेतली आणि पुढीलप्रमाणे लिहू लागलो :

"मंगळवार, रात्री १.४० ते २.१०. तळमजल्यावरील पाण्याच्या पाइपवर लोखंडी वस्तूने ठोकण्याचा आवाज, अंदाजे वीस वेळा. त्यानंतर जिन्यावर दोन बादल्या पाणी. पहिल्या मजल्यावरील कुटुंबाला उद्देशून 'मिक्सर बंद करा' असे ओरडणे. कोणाला इजा नाही. ऐकणारे : सदनिका क्रमांक ३ व ५ मधील रहिवासी."

वार, वेळ, काय झाले, किती वेळ चालले, कोणी पाहिले आणि नुकसान झाले असल्यास काय, एवढेच लिहावे. "स्किझोफ्रेनिया वाटतो", "दारू पिऊन असणार" असले तर्क लिहू नयेत, कारण निदान करणे हे सोसायटीचे काम नाही. शांत गेलेल्या रात्रींचीही नोंद ठेवा. आमच्या वहीत सहा आठवड्यांनंतर असे दिसून आले की रविवारी, म्हणजे कारखान्याला सुट्टी असलेल्या दिवसानंतरच्या रात्री, त्रास सर्वाधिक होता. ही एक ओळ पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी दोनदा वाचली.

रात्रीच्या आवाजाबाबत ध्वनिप्रदूषण नियम, २००० लक्षात असू द्यावेत. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली जाते आणि निवासी भागात त्या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र हा नियम ज्याला लावायचा, तो माणूस झोपेविना आठ दिवस जागा असेल, तर केवळ नियमाचा कागद दाराला चिकटवून काही साधत नाही.

३. त्या व्यक्तीशी स्वतः बोला

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच आहे. चार महिने आम्ही घरमालकाशी, पोलिसांशी, वकिलांशी आणि एकमेकांशी बोललो. ज्यांच्याविषयी बोलत होतो, त्यांच्याशी कोणीही बोलले नाही.

वेळ सकाळची निवडा. भांडणानंतर लगेच जाऊ नका. ज्यांचे त्या व्यक्तीशी कधीही वाजलेले नाही अशा एकाने, फार तर दोघांनी जावे. दारात अडवून न उभे राहता बाजूला उभे राहावे, म्हणजे तिला आत-बाहेर जायला वाट मोकळी राहते. मी एका सकाळी त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर जाऊन बसले आणि एवढेच विचारले, "भाऊ, रात्री झोप लागते का हो?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, वरच्या मिक्सरमधनं माझं नाव घेतात. पाइप वाजवला की गप्प बसतात."

पाइप का वाजतो, हे त्या क्षणी पहिल्यांदा कळले. आमच्या दृष्टीने जो उपद्रव होता, तो त्यांच्या दृष्टीने बचाव होता.

अशा वेळी "असं काही नसतं, तुमचा भ्रम आहे" असे म्हणू नका, आणि "हो, मलाही ऐकू येतं" असेही म्हणू नका. मी म्हटले, "मला ते ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्याचा त्रास होतोय हे दिसतंय." त्यानंतर झोप, जेवण, काम यांविषयी विचारावे. आजाराचे नाव घेण्याची गरज नसते, "झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू या का?" हा प्रश्न बहुतेकांना मान्य होतो. तसे मान्य झाले, की वर्तनाबद्दलची मर्यादाही त्याच बैठकीत, एकाच वाक्यात सांगावी : "रात्री दहानंतर पाइप वाजवायचा नाही, आवाज आला तर मला फोन करा." मर्यादा न सांगता केवळ सहानुभूती दाखवली, तर वरच्या मजल्यावरील कुटुंबावर अन्याय होतो. त्या घरात दहावीची मुलगी होती आणि तिला उद्देशून उच्चारलेले शब्द कोणत्याही आजारामुळे सुसह्य होत नाहीत. त्या कुटुंबालाही कोणीतरी जाऊन भेटले पाहिजे. आम्ही तेही फार उशिरा केले.

याच बोलण्यातून कळले की त्यांच्या गोळ्या अकरा वर्षे आई देत असे. आई गेली आणि गोळ्याही थांबल्या. वागण्यात अचानक बदल झाला असेल, तर त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत काय घडले ते विचारा : मृत्यू, नोकरी सुटणे, औषध बंद होणे, व्यसन वाढणे, पडून डोक्याला मार बसणे. वृद्ध भाडेकरूंच्या बाबतीत विसरभोळेपणाचा आजार असू शकतो, आणि त्याची वाट वेगळी असते.

४. नातेवाईक शोधा आणि त्यांना आरोपी करू नका

भाडेकराराची प्रत, साक्षीदारांच्या सह्या, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती आणि कारखान्यातील सहकारी यांमधून जवळचा नातेवाईक सापडतो. आमच्या प्रकरणात तासगावला बहीण होती. पण तिचा क्रमांक मिळण्याआधीच आमचे चौदा सह्यांचे पत्र सूचना फलकावर लागले होते आणि त्याचे छायाचित्र फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचले होते. तिने तीन महिने फोन उचलला नाही. ती चूक आमची होती. मी तासगावला जाऊन तिची माफी मागितली, तेव्हा कुठे ती बोलली.

नातेवाईक लागतो तो केवळ धीरासाठी नाही. व्यक्ती स्वतः उपचारांस तयार असेल, तर ती स्वतःच दाखल होऊ शकते आणि तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. तशी तयारी नसेल आणि आजार गंभीर असेल, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे आजारी व्यक्तीच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या, अर्जावरून, एक मानसोपचारतज्ज्ञ व आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांच्या स्वतंत्र तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. व्यक्तीने आधी कोणाचे नाव दिलेले नसेल, तर हा मान सामान्यतः नातेवाइकाकडे येतो. सोसायटीचा सचिव किंवा घरमालक या नात्याने आपल्याला असा अर्ज करता येत नाही. "सगळ्यांनी सही करून दाखल करून टाकू" ही कल्पना आमच्याही सभेत आली होती. कायद्यात तिला जागा नाही.

कुटुंबच दुर्लक्ष करत असेल, उपाशी ठेवत असेल किंवा छळत असेल, तर कलम १०१ नुसार पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला कळवावे. ठाण्याने दंडाधिकाऱ्यांना अहवाल देणे अपेक्षित आहे. "बाहेरची बाधा" म्हणून कोणा बाबाकडे नेऊन मारहाण किंवा साखळदंड चालू असतील, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. कृष्णाकाठच्या गावांतून असे प्रकार अजून ऐकू येतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

५. उपचारांचा रस्ता आधी पाहून ठेवा

टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. शेजारी किंवा सचिव म्हणून आपणही फोन करून "अशा माणसाशी कसे बोलावे" हे विचारू शकतो.

सांगलीकरांसाठी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सांगलीचे सिव्हिल, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, हा पहिला टप्पा असतो. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी आणि कोणत्या इमारतीत बसते, हे केसपेपरच्या खिडकीवर आदल्या दिवशी विचारून घ्या. आजारी माणसाला मोठ्या मिनतवारीने तयार करून नेल्यावर "आज डॉक्टर नाहीत" हे ऐकावे लागू नये. सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करता येईल, आणि प्रश्न मुख्यतः दारूचा असेल तर साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम सर्वांना परिचित आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी आहेत. तिथवर जाण्याची वेळ सर्वांवर येत नाही.

डॉक्टरांना वहीतील नोंदींची प्रत द्या. उलट डॉक्टरांकडून निदान किंवा औषधे जाणून घेण्याचा आग्रह धरू नका, कारण रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. सोसायटीला एवढेच माहीत असणे पुरेसे आहे की उपचार चालू आहेत आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा.

६. इमारतीत करता येणारे छोटे बदल

आम्ही पाइपला रबराच्या पट्ट्या लावल्या, वरच्या घराने मिक्सर रात्री नऊनंतर बंद ठेवला आणि तळमजल्याच्या जिन्यावर दिवा लावला. खर्च किरकोळ आला, आणि त्रास निम्म्याने कमी झाला तो औषध सुरू होण्याच्याही आधी.

७. लेखी कारवाई : क्रम चुकवू नका

बोलणे आणि उपचार यांच्या जोडीने लेखी कारवाई चालू ठेवावी, कारण पुढे न्यायालयात जावे लागले तर "आम्ही तोंडी सांगितले होते" याला अर्थ राहत नाही.

पहिले पत्र सदनिकेच्या मालकाला द्या. तोच सभासद असल्याने सोसायटीचा संबंध त्याच्याशी आहे. पत्रात घटना, तारखा आणि अपेक्षा लिहाव्यात, आजाराचा उल्लेख करू नये. आवक क्रमांकासह पोच घ्यावी. त्यानंतर हद्दीच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. शिवीगाळीसारख्या प्रकारात बहुधा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी होते. तिची प्रत मागून घ्यावी. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आहे. सभासदाविरुद्धचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो, पण आधी बीट अंमलदार (आपल्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस), घरमालक आणि बहीण यांची एक एकत्र बैठक घ्या. आमचे प्रकरण त्या बैठकीतच वळणावर आले.

समितीच्या इतिवृत्तात "मनोरुग्ण", "वेडा" हे शब्द येऊ देऊ नका, व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम ९२ नुसार सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ज्या सोसायटीने तक्रारदार म्हणून ठाण्यात जायचे, तिने आरोपी म्हणून जाऊ नये.

८. घर रिकामे करण्याची वेळ आलीच, तर

सगळे करूनही शेजाऱ्यांचे जगणे अशक्य होत असेल, तर घरमालकाला कायद्याचा मार्ग मोकळा आहे. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूच्या बाबतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव होणे हे ताबा मागण्याचे एक कारण दिलेले आहे; ते न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि वही तेथे उपयोगी पडते. लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर करारातील नोटिशीच्या अटीप्रमाणे किंवा मुदत संपल्यावर तो संपवता येतो, आणि मुदतीनंतरही जागा न सोडल्यास कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. करार नोंदणीकृत असणे ही कलम ५५ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे.

पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर ठेवणे यांपैकी काहीही करू नका. भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि कायद्याविना बाहेर काढलेली व्यक्ती १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकते. आमच्या एका सभासदाने रागाच्या भरात दोन दिवस त्यांचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला होता. त्या दोन रात्रींत पाइप पहाटेपर्यंत वाजत राहिला.

नोटीस दिली तर तिची प्रत नातेवाइकालाही द्यावी. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला विनामूल्य वकील मिळतो हे तिला सांगावे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. समोरच्याला वकील मिळाल्याने आपले नुकसान होत नाही, उलट तोडगा लवकर निघतो.

जवळ ठेवायची कागदपत्रे

- नोंदणीकृत भाडेकरार व पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच
- घटनांची वही व नुकसानीची छायाचित्रे (व्यक्तीची नव्हे)
- घरमालकाला दिलेली पत्रे, पोचेसह
- पोलीस अर्ज व एनसीची प्रत
- समितीचे ठराव
- वेगळ्या फायलीत : नातेवाइकाचा क्रमांक, रुग्णालयाचा केसपेपर क्रमांक आणि ११२, १०८, १४४१६ हे क्रमांक

९. उपचारांनंतर घरी परतल्यावर

आमचे भाडेकरू बहिणीच्या सहीने बावीस दिवस दाखल होते. परतले तेव्हा बोलणे संथ होते आणि हात किंचित थरथरत होते; काही औषधांनी सुरुवातीला असे होते. शेजाऱ्यांना त्याची भीती वाटू नये म्हणून आधी सांगून ठेवा, तेही बहिणीची परवानगी घेऊन. गोळ्या संपण्याची तारीख बहिणीने स्वतःच्या दिनदर्शिकेवर आणि त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर लिहिली. कारखान्याच्या मालकाने त्यांना फक्त दिवसपाळी दिली, आणि वरच्या मजल्यावरील मुलीच्या वडिलांपुढे ते स्वतः जाऊन हात जोडून आले. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते.

वर्तनाची वही तीन महिने चालू ठेवावी. नोंदीच उरल्या नाहीत तर शेवटच्या पानावर तारीख घालून ती समितीच्या सहीने बंद करावी आणि दप्तरात ठेवावी. दुसरी फाईल मात्र सोसायटीच्या दप्तरात जाऊ नये. पद सोडताना मी ती बंद पाकिटात घालून, त्यांना आणि बहिणीला विचारून, नव्या सचिवांच्या हातात दिली. वर फक्त सदनिका क्रमांक आणि "रात्री गरज पडल्यास उघडावे" एवढेच लिहिले.